सीताफळ, मुंग्या आणि पिठ्या ढेकूण: एका हंगामाच्या नोंदी

पुरंदर तालुक्यात आमची ३० गुंठे सीताफळाची बाग आहे. १४ ओळी, ओळीत १२ झाडं, अशी १६८. बहुतेक 'फुले पुरंदर' वाणाची, कडेच्या दोन ओळी बाळानगर वाणाच्या. झाडं आठव्या वर्षात आहेत. गेल्या वर्षी पिठ्या ढेकणाने, म्हणजे मिलीबगने, निम्मा माल दोन नंबरला घातला. चार फवारण्या झाल्या, तरी काढणीच्या वेळी फळाच्या डोळ्यांच्या खाचांत पांढरा कापूस होताच. औषधापायी खर्च किती गेला हे मी तेव्हा लिहून ठेवलं नव्हतं. म्हणून या वर्षी वही केली. ज्यांना असंच काही करायचं आहे त्यांना उपयोगी पडावी म्हणून जशीच्या तशी देते आहे, चुकांसकट.

९ जून २०२४

पहिला चांगला पाऊस झाला. बाग फुलात आहे. या दिवसांत कुठलंही कीटकनाशक मारायचं नाही, हे आधीच ठरवलं. सीताफळाचं फूल आधी मादी असतं आणि नंतर नर होतं, त्यामुळे त्याचं स्वतःचं परागीकरण स्वतःला सहज जमत नाही. ते काम फुलाच्या जाड पाकळ्यांच्या आत शिरणारे बारीक तपकिरी भुंगेरे करतात. गेल्या वर्षी मी ऐन फुलात फवारा घेतला होता. फळधारणा कमी झाली म्हणून पावसाला बोल लावला. आज १० फुलं उघडून पाहिली. ६ फुलांत भुंगेरे सापडले. मोहरीच्या दाण्याहून मोठे नाहीत, पण बाग त्यांच्यावर उभी आहे.

खोडाच्या सालीत, फांदीच्या बेचक्यात मिलीबगची जुनी पांढरी पुंजकी दिसतात. सगळ्या झाडांवर नाहीत.

१६ जून

आत्या (माझ्या सासूबाई) सकाळी बागेत आल्या होत्या. म्हणाल्या, "मुंगीची रांग ज्या झाडाला, ढेकूण त्याच झाडाला. आमच्या अंजिराला बी असंच व्हायचं." मी ते मोजायचं ठरवलं.

पद्धत साधी ठेवली. प्रत्येक खोडासमोर एक मिनिट उभं राहायचं, गुडघ्याच्या उंचीवरून वर-खाली जाणाऱ्या मुंग्या मोजायच्या. १० पेक्षा जास्त असतील तर झाडाला लाल चिंधी. नंतर त्याच झाडाच्या पाच फांद्या उलटून मिलीबग आहे की नाही ते बघायचं. सकाळी ७ ते १०, दोन दिवस लागले.

मुंग्यांची रांग असलेली झाडं ६१. त्यांतल्या ४४ वर जिवंत मिलीबग. रांग नसलेली १०७. त्यांतल्या फक्त ६ वर.

हे आकडे पाहून मी बराच वेळ बांधावर बसून राहिले. चार फवारण्या करताना खोडाकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

मुंग्या काय करतात तेही आज जवळून पाहिलं. मिलीबग झाडाचा रस ओढतो, जादा साखर चिकट थेंब करून टाकतो. आपण त्याला चिकटा म्हणतो. मुंगी येऊन मिशांनी ढेकणाला हलकेच टोचते, थेंब येतो, ती पिते. त्या बदल्यात राखण करते. ढेकूण खाणारा एक छोटा ठिपकेदार ढालकिडा (लेडीबर्ड) त्या पुंजक्याजवळ आला, तर तीन मुंग्यांनी मिळून त्याला फांदीवरून खाली पाडला. माझ्या डोळ्यांसमोर. एक मुंगी तोंडात गुलाबी पिल्लू धरून कोवळ्या शेंड्याकडे चालली होती. चिकटा साचला तर त्यावर काळी बुरशी धरते आणि ढेकणाची पिल्लं त्यातच अडकून मरतात. मुंगी चिकटा पिऊन जागा स्वच्छ ठेवते, म्हणून ती टिकतात.

तेव्हा पहिलं काम: मुंग्यांना झाडावर चढू द्यायचं नाही.

२३ जून

चूक पहिली. १२ झाडांच्या खोडाला थेट सालीवर ग्रीस लावलं. मुंग्या थांबल्या, पण आठवड्यात साल काळी पडून ओलसर मऊ झाली. एका झाडाची साल नखाने सुटली. साबणाच्या पाण्याने धुऊन काढलं, वर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावली. अर्धा दिवस वाया. ग्रीस सालीला लागता कामा नये.

३० जून

आता बरोबर पद्धत. खोडावर आधी सुतळीने गोणपाटाची चार बोटं रुंद पट्टी, म्हणजे सालीच्या भेगा भरतात. त्यावर एक वीत रुंद जाड प्लॅस्टिक, वर-खाली पॅकिंगची टेप. ग्रीस फक्त प्लॅस्टिकच्या मधल्या भागावर. गोणपाट न लावता दोन झाडांवर प्लॅस्टिक गुंडाळून पाहिलं होतं. मुंग्या भेगांतून खालून सरळ वर गेल्या.

६१ झाडांना पट्ट्या. ग्रीस दोन किलो ५६०, प्लॅस्टिक आणि टेप ४८०, दोन बायकांची दोन दिवसांची मजुरी १४००. एकूण २४४० रुपये.

७ जुलै

६१ पैकी १९ झाडांवर मुंग्या अजूनही वर आहेत. एकेक झाड फिरून कारण शोधलं.

९ झाडांच्या खालच्या फांद्या पानांच्या ओझ्याने जमिनीला टेकल्या होत्या. त्या छाटल्या. गुडघ्याच्या खाली एकही फांदी ठेवायची नाही. चारांना उंच गवताची काडी पट्टीच्या वर टेकलेली. मुंगीला एक काडी पुरते. एका झाडाला आम्हीच वाकलेल्या फांदीला बांबूचा टेकू दिला होता आणि बांबूवरून रांग सुरू होती. बांबूलाही पट्टी.

उरलेली पाच झाडं समजेनात. कुठूनही वाट नाही, तरी वर मुंग्या. शेवटी एकाच्या शेंड्यात पानाआड नारळाएवढं तपकिरी, कागदासारखं घरटं दिसलं. पोटाचं टोक वर उचलून चालणाऱ्या त्या छोट्या काळ्या मुंग्या झाडावरच घर करतात. मी पट्टी बांधून त्यांना झाडावर कोंडून ठेवलं होतं. खाली उतरता येईना म्हणून त्या मिलीबगवर आणखीच अवलंबून राहिल्या असाव्यात. त्या पाच झाडांवरची पुंजकी सगळ्यात दाट होती. तीन घरटी फांदीसकट कापून पोत्यात बांधून नेली. दोन घरटी जाड फांदीवर होती, तिथे आमिषाचा प्रयोग करणार.

पट्टी बांधण्याआधी शेंडे बघा. मी ते नंतर केलं.

१४ जुलै

आमिष: साखरपाण्यात बोरिक पावडर. पहिल्यांदा एका लिटरला ५० ग्रॅम पावडर घातली. जास्त घातली तर लवकर काम होईल असं वाटलं. मुंग्या आल्या, बशीच्या कडेला मेल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून बाकीच्या तिकडे फिरकल्या नाहीत. मुंगीने ते पोटात घेऊन घरट्यापर्यंत नेलं पाहिजे, तरच राणी आणि पिल्लांपर्यंत पोचतं. आता प्रमाण: एक लिटर पाणी, १०० ग्रॅम साखर, १० ग्रॅम बोरिक. एवढंच. काही दिवसांत रांगा निम्म्याच्या खाली आल्या.

उघडी बशी ठेवू नये. पहिल्या दिवशी बशीत दोन मधमाश्या दिसल्या आणि मी बशा लगेच उचलल्या. आता लहान बाटलीच्या झाकणाला खिळ्याने भोक, आत कापसाची वात, बाटली खोडाला आडवी बांधलेली. मुंगी शिरते, माशी शिरत नाही, आणि पाऊस आत जात नाही. लहान मुलं आणि कोंबड्या तिकडे जाणार नाहीत एवढ्या उंचीवर.

२१ जुलै

ढालकिडे आले. मिलीबग खाण्यासाठी मागवलेले क्रिप्टोलिमस, काळे पंख, डोकं आणि मागचं टोक तांबूस, मसुरीएवढे. हा मूळचा ऑस्ट्रेलियातला. १८९१-९२ मध्ये आल्बर्ट कोबेले याने तो तिकडून कॅलिफोर्नियाला नेला, आणि भारतात १८९८ मध्ये कॉफीवरच्या हिरव्या खवले किडीसाठी आणला. तिथे त्याचं फारसं जमलं नाही, पण मिलीबगवर तो इथे टिकला. प्रयोगशाळेत तांबड्या भोपळ्यावर मिलीबग वाढवतात आणि त्यावर हे किडे पोसतात.

६०० मागवले, १२०० रुपये, पार्सल १५०. डबा एसटीने आला, स्टँडवर उन्हात दोन तास पडला. उघडला तेव्हा ७० च्या आसपास मेलेले.

आणि मी घाई केली. दुपारी बारा वाजता सोडले. कोरड्या उन्हात झाडाला हात लावण्याआधीच अर्धे उडून गेले.

२४ जुलै

सोडलेल्या ४० झाडांवर तपासलं, एकूण ११ ढालकिडे दिसले. उडालेले कुणाच्या बागेत गेले असतील तर त्यांचं भलं होवो, पण माझे १३५० रुपये जवळपास गेले.

आणखी एक चूक लक्षात आली. ४० पैकी बऱ्याच झाडांवर मिलीबग अगदी तुरळक होते. मादी ढालकिडा ढेकणाच्या अंड्यांच्या कापसात आपली अंडी घालते. कापूसच नसेल तर ती तिथे कशाला थांबेल? जिथे दाट पुंजकी आहेत तिथेच सोडायचे.

३० जुलै

पुन्हा ४००. ८०० रुपये आणि भाड्याचे १५०. या वेळी भाऊजी स्वतः मोटरसायकलवर जाऊन घेऊन आले, डबा ओल्या फडक्यात. पाऊस उघडला होता. संध्याकाळी साडेसहाला, फक्त २२ झाडांवर, प्रत्येकी १५ ते २०. कागदाच्या कोनात घालून कोन सरळ पुंजक्याशेजारी टाचणीने लावला, किडे आपोआप चालत बाहेर आले. सकाळी सहाला पाहिलं तर बहुतेक झाडांवर होते. एका झाडावर मुंग्यांची रांग शिल्लक होती. तिथे एकही उरला नव्हता.

१२ ऑगस्ट

हवा दमट आहे म्हणून संध्याकाळी व्हर्टिसिलियम लेकॅनी, लिटरला ५ ग्रॅम, फक्त मिलीबग असलेल्या झाडांवर. ही बुरशी किडीवर वाढते, त्यामुळे तिच्यासोबत किंवा पुढेमागे आठवडाभर बुरशीनाशक मारायचं नाही. ४२० रुपये.

२० ऑगस्ट

आजची नोंद लिहायला हात धजत नाही.

कालपासून फळांवर आणि फांद्यांवर पांढरं एकदम वाढल्यासारखं दिसत होतं. चार बायका लावल्या, हातात साबणाच्या पाण्यात भिजवलेली फडकी, आणि सांगितलं: पांढरं दिसेल ते पुसून काढा. दोन दिवस, २८०० रुपये मजुरी. आज दुपारी एका मावशीने मला हाक मारली. "बाई, हे ढेकूण पळतंय."

ढेकूण पळत नाही. मी वाकून पाहिलं. ते क्रिप्टोलिमसचं पिल्लू होतं, म्हणजे अळी. अंगावर मिलीबगसारखेच पांढऱ्या मेणाचे लांब झुबके, अर्ध्या बोटाच्या पेराहून मोठं, आणि त्याच्या जबड्यात खरा ढेकूण.

सगळ्या बायकांना थांबवलं. बादलीत पाहिलं. पाण्यावर पांढऱ्या अळ्या तरंगत होत्या. मी ६३ मोजल्या, मग मोजणं सोडलं. दोन दिवसांत किती गेल्या असतील कोण जाणे. तीन आठवडे ज्यांची वाट पाहिली त्यांनाच मी मजुरी देऊन पुसून काढलं. बायकांची यात काही चूक नाही; पांढरं ते पुसा, असं मीच सांगितलं होतं.

हे रूप त्यांचं संरक्षण आहे. ढेकणासारखं दिसल्याने राखणदार मुंग्या त्यांच्याकडे तितकं लक्ष देत नाहीत. मीही दिलं नाही.

२१ ऑगस्ट

ओळखायचं कसं, हे बायकांसोबत बसून ठरवलं. गवताची काडी हळूच टोचायची. ढेकूण जागच्या जागी बसतो किंवा अगदी सावकाश हलतो. अळी भराभर चालू लागते. ढेकणावर मेण पिठासारखं, अळीवर लांब लोंबणारं. ढेकूण चिरडला की गुलाबी पाणी येतं, पण ते शेवटी, आधी काडी. आणि अळी पुंजक्याच्या आत नाही, कडेने किंवा वर फिरताना दिसते.

एका मावशीने आणखी एक खूण सांगितली, ती मला सुचली नव्हती: ज्या पुंजक्यात रिकामी, चिपाडासारखी कातडी दिसतात तिथे खाणारं कुणीतरी आहे, त्याला हात लावायचा नाही. आता त्याच बायका झाडाला निळी चिंधी बांधतात. निळी चिंधी म्हणजे राखीव.

३१ ऑगस्ट

निळ्या चिंध्या १७. फांदीच्या खालच्या बाजूला कोश सापडले. अंड्यापासून पूर्ण किडा व्हायला महिनाभर जातो, म्हणजे हे ३० जुलैच्या किड्यांची पुढची पिढी. थोडे वाचले.

पाच झाडांवर दुसरंच काही मिळालं. बारीक पिवळसर माश्यांसारख्या गांधीलमाश्या आणि फुगून तपकिरी टणक झालेले ढेकूण, प्रत्येकाला एक गोल भोक. गांधीलमाशी ढेकणाच्या पोटात अंडं घालते, अळी आतून खाऊन भोक पाडून निघते. या मी विकत आणल्या नव्हत्या. कुठून आल्या माहीत नाही, पण गेल्या वर्षी चार फवारण्यांत त्या मेल्या असणार.

५ सप्टेंबर

गणपती दोन दिवसांवर. व्यापारी बाग बघायला आला. दोन-तीन फळांच्या डोळ्यांत पांढरं पाहून म्हणाला, असा माल चालत नाही. घरात तणाव झाला. हे म्हणाले, तुझा प्रयोग पुरे, यंदा मुलीची फी आहे. मीही घाबरले. निर्णय माझाच: ओळ ८ ते १४ वर स्पर्शविष, म्हणजे अंगाला लागून कीड मारणारं औषध, फवारलं. काढणीला महिना होता, बाटलीवर लिहिलेला थांबायचा काळ पाळता येत होता. औषध आणि मजुरी २१०० रुपये. ओळ १ ते ७ मला सोडून द्या, एवढं मात्र मी मागून घेतलं.

त्यातून एक तुलना मिळाली. ती ठरवून केलेली नाही, पण तुलना आहे.

प्रत्येक बाजूची १० झाडं, झाडामागे ५ फळं, म्हणजे दोन्हीकडे ५०-५०. फवारण्याआधी: ओळ १ ते ७ मध्ये १७ फळांवर मिलीबग, ओळ ८ ते १४ मध्ये १६.

१२ सप्टेंबर

फवारलेल्या ओळी: ५० पैकी ३. न फवारलेल्या: १४. घरात सगळ्यांना बरं वाटलं. मी काही बोलले नाही. फवारलेल्या ओळींच्या सरीत मेलेले ढालकिडे वेचले, २६ मिळाले. चार निळ्या चिंध्या तिकडे होत्या.

२६ सप्टेंबर

फवारलेल्या ओळी: ५० पैकी २१. न फवारलेल्या: ८.

हे असं होण्याचं कारण झाडावरच दिसतं. औषध कापसाच्या आतल्या अंड्यांपर्यंत आणि सालीच्या भेगांपर्यंत पोचत नाही. तीन आठवड्यांत तिथून पिल्लं बाहेर आली, आणि त्यांना खाणारं कुणी उरलं नव्हतं. शिवाय फवारणीच्या धावपळीत १४ झाडांच्या पट्ट्या पाइप घासून फाटल्या होत्या, त्या मी तपासल्या नाहीत. मुंग्या परत वर. त्यामुळे सगळा दोष औषधाचा आहे असं मी म्हणणार नाही. पट्ट्यांचाही आहे. ५० फळांचा नमुना लहान आहे, हेही खरं. पण आकडे हे आहेत.

न फवारलेल्या ओळ ३ मध्ये आज एक नवल सापडलं. पानावर एक छोटा कोश, आणि त्यावर हुबेहूब माकडाचा चेहरा: डोळे, नाक, कपाळ. आत्यांना दाखवला तर त्यांनी हात जोडले. हे एका फुलपाखराचं, त्याला एपफ्लाय म्हणतात. बहुतेक फुलपाखरांच्या अळ्या पानं खातात, याची अळी मिलीबग खाते. तीही अंगावर पांढरं मेण घेऊन ढेकणांत मिसळते. २० ऑगस्टच्या बादलीत अशा किती होत्या, हा विचार आला. त्या झाडावर शोधलं, आणखी तीन कोश.

६ ऑक्टोबर

काढणी सुरू. नवरात्र आहे, बाजारात मागणी चांगली. डोळे उघडले, फळ पोपटी झालं की सकाळी लवकर तोड. फळांवर जे थोडं पांढरं आहे ते हवेच्या पंपाने उडवतो. ब्रशने घासलं तर डोळ्यांच्या कडा काळ्या पडतात. पहिल्या दिवशी ब्रश वापरला, तीन क्रेट खराब केले.

१३ ऑक्टोबर

एक वेगळी गोष्ट लिहून ठेवते. ज्या झाडांखालच्या मुंग्या आमिषाने पूर्ण गेल्या, त्यांतल्या ६ झाडांच्या खोडावर वाळवीने मातीच्या नळ्या चढवल्या आहेत. मुंग्यांच्या शेजारी वाळवी सहसा अशी मोकळी फिरत नाही, मुंगी ती खाते. सहा झाडांवरून काही सिद्ध होत नाही. तरी मी आमिषाच्या बाटल्या आजच काढल्या. मुंगीला झाडावरून खाली ठेवायचं आहे, बागेतून घालवायचं नाही. जमिनीवर ती तिचं काम करू दे. पुढच्या वर्षी फक्त पट्ट्या, आणि आमिष केवळ शेंड्यातल्या घरट्यांसाठी. वाळवीच्या नळ्या मोडून खोडाला बोर्डो पेस्ट लावली.

३ नोव्हेंबर

शेवटची तोड दिवाळीच्या आधी झाली. हिशेब.

ओळ १ ते ७: एकूण ७१ क्रेट, त्यांतले ९ दोन नंबर. ओळ ८ ते १४: ६८ क्रेट, त्यांतले २३ दोन नंबर. क्रेट २० किलोचा. एक नंबरला सरासरी ९५० रुपये मिळाले, दोन नंबरला ४००. दोन नंबरच्या १४ जादा क्रेटचा फरक ७७०० रुपये, वर फवारणीचे २१००.

माझ्या बाजूचा खर्चही लिहायला हवा. पट्ट्या २४४०. ढालकिडे दोन वेळचे मिळून २३००, त्यांतले पहिले १३५० जवळपास फुकट. बुरशी ४२०. बोरिक, साखर आणि बाटल्या १८०. पुसण्याची मजुरी २८००, जिने नुकसानच केलं. एकूण ८१४०. यातले ४१५० माझ्या चुकांचे. माझा वेळ धरलेला नाही. पट्ट्या बघायला आठवड्यातून दोन सकाळी जात होत्या आणि कोरड्या दिवसांत धूळ बसून ग्रीस निकामी झालं की पुन्हा लावावं लागत होतं. दर १५ ते २० दिवसांनी.

हे म्हणाले, पुढच्या वर्षी सगळ्या ओळींना पट्ट्या बांधू. मला एवढं पुरे.

२४ नोव्हेंबर

थंडी पडायला लागली. ढालकिडे मंदावले आहेत. बागेत आता मिलीबग कमी, म्हणजे त्यांना खायलाही कमी. विकत आणलेले किडे पुढच्या हंगामापर्यंत टिकत नाहीत असं सगळे सांगतात, आणि त्याचं एक कारण हेच असणार की आपण हंगाम संपला की बाग चकाचक करतो.

विहिरीजवळ जास्वंदीची पाच झाडं आहेत. गुलाबी मिलीबगचं ते आवडतं झाड. दर वर्षी मी ती आधी तोडायची, कीड तिथूनच येते म्हणून. या वर्षी दोन तोडली, बागेला लागून असलेली. विहिरीच्या पलीकडची तीन ठेवली, ढेकणांसकट. त्यांच्या बुंध्याला पट्टी बांधली, म्हणजे मुंग्या मध्ये येणार नाहीत, आणि बागेतल्या निळ्या चिंधीच्या झाडांवरून कोश असलेल्या काड्या तोडून तिथे सुतळीने अडकवल्या. १९ काड्या.

धोका आहे. तिथून कीड बागेत आली तर मार्चमध्ये तीनही झाडं काढावी लागतील. म्हणून दर रविवारी जाऊन बघायचं आणि मोजायचं. आज जास्वंदीवर जिवंत ढालकिडे ७, अळ्या ४. आत्यांनी देवाला फुलं तोडताना त्या फांद्या सोडून दिल्या.